पाणीपुरीच्या पलीकडची गोष्ट : यशस्वी जैस्वाल टीम इंडियापर्यंत नेमका पोहोचला कसा?

ती रील तुम्हीही पाहिली असणार.

आझाद मैदानावरचा तंबू, पाणीपुरीची गाडी, मागे वाजणारं रडकं गाणं आणि शेवटी भारताच्या जर्सीत हात पसरून उभा असलेला यशस्वी जैस्वाल. खाली कॅप्शन, मेहनत कधी वाया जात नाही. गड्याने शतक ठोकलं, की ही रील पुन्हा फिरायला लागते.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे.

कारण क्रिकेटसाठी घर सोडून मुंबईत येणारी पोरं दरवर्षी येतात. लोकलमध्ये किट सांभाळत उभी राहतात, वडापाववर दिवस काढतात, मिळेल तिथे झोपतात. त्यातली बहुतेक काही वर्षांनी गुपचूप परत जातात. त्यांची रील कुणी बनवत नाही. म्हणजे हाल सोसले की भारताकडून खेळायला मिळतं, असा काही नियम नाही.

मग यशस्वीच्या बाबतीत वेगळं काय झालं? तंबू आणि कसोटी पदार्पण यांच्यामध्ये दहा-बारा वर्षांचा काळ आहे. रीलमध्ये तो दोन सेकंदांत उरकतो. खरी गोष्ट त्याच वर्षांत आहे.

भदोहीहून थेट मुंबई

यशस्वीचा जन्म २८ डिसेंबर २००१ चा. गाव सुरियावां, जिल्हा भदोही, उत्तर प्रदेश. भदोही ओळखलं जातं ते गालिचांसाठी. क्रिकेटसाठी नाही. वडिलांचं छोटं हार्डवेअरचं दुकान, घरात सहा भावंडं आणि यशस्वी त्यातला चौथा.

दहाव्या वर्षी त्याने ठरवलं, क्रिकेट खेळायचं तर मुंबईत. वडिलांनी अडवलं नाही. मुंबईत नातेवाईक होते, पण वरळीतली त्यांची खोली इतकी लहान, की आणखी एका माणसाला पथारी टाकायला जागा नव्हती.

मग काळबादेवीतल्या एका डेअरीत राहायची सोय झाली. बदल्यात तिथे काम करायचं. आता दिवसभर मैदानावर खेळून आलेलं दहा-अकरा वर्षांचं पोरगं रात्री काय काम करणार? ते झोपून जायचं. एक दिवस त्याचं सामान बाहेर काढण्यात आलं.

त्यानंतर आसरा मिळाला तो आझाद मैदानावरच्या मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत. तिथे मैदानाची देखभाल करणारे माळी राहायचे. यशस्वी त्यांच्यातच राहायला लागला. पावसाळ्यात तंबूत पाणी यायचं, उन्हाळ्यात आत बसवत नसे. शौचाला बाहेर जावं लागायचं.

पाणीपुरीचा भाग येतो तो इथे. मैदानावर रामलीला भरायची तेव्हा गर्दी व्हायची आणि तिथे पाणीपुरी विकायला मदत केली की चार पैसे मिळायचे. आपल्यासोबत खेळणारी मुलं गाडीवर खायला येऊ नयेत, एवढंच तेव्हा वाटायचं, असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. सकाळी ज्याच्या बॉलिंगवर चौकार मारला, त्याला संध्याकाळी पुरी भरून द्यायची. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ते किती टोचत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याचे कोच ज्वाला सिंग यांना मात्र ही पाणीपुरीची गोष्ट अजिबात आवडत नाही. त्यांचं म्हणणं असं, की तो फार थोडा काळ होता आणि माझ्याकडे आल्यावर त्याने असं काही केलेलं नाही. पाणीपुरी विकून तो भारताकडून खेळला असं सांगितलं, की त्याने नेट्समध्ये घालवलेली वर्षं पुसली जातात. त्यांचा हा मुद्दा समजून घ्यायचा तर डिसेंबर २०१३ मध्ये काय झालं ते बघावं लागतं.

आझाद मैदानच का?

मुंबईचं क्रिकेट हे स्टेडियममध्ये नाही, तर मैदानांत घडतं. आझाद मैदानावर वीसपेक्षा जास्त विकेट्स शेजारी शेजारी आहेत. एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका मॅचचा पॉइंट हा दुसऱ्या मॅचचा स्लिप असतो. चेंडू कुठला आणि फिल्डर कुणाचा, हे नवख्या माणसाला कळतही नाही.

शाळकरी मुलांच्या हॅरिस आणि गाइल्स शील्डचे सामने याच मैदानांवर होतात. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमकडून ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली होती, तीही इथेच.

याचा फायदा एकच, पण फार मोठा. इथे खेळणाऱ्या पोरावर कुणाची ना कुणाची नजर पडते. क्लबचे जुने खेळाडू, अंपायर, कोच, संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले निवृत्त लोक, सगळे बघत असतात. तंबूत राहण्याचा अर्थ यशस्वीसाठी हाच होता. हाल होते, पण तो क्रिकेटच्या अगदी मधोमध राहत होता.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये ज्वाला सिंग यांनी त्याला एका विकेटवर खेळताना पाहिलं. इतर पोरांना त्या विकेटवर खेळणं जड जात होतं. हा डावखुरा मात्र आरामात खेळत होता. चौकशी केली तेव्हा कळलं, की पोरगं इथेच राहतं आणि आईवडील गावी आहेत.

ज्वाला सिंग स्वतःही उत्तर प्रदेशातून क्रिकेटसाठी मुंबईत आले होते. त्यांचं खेळाडू म्हणून मोठं व्हायचं स्वप्न अर्धवट राहिलं होतं. सांताक्रूझमध्ये ते अकादमी चालवायचे. त्यांनी यशस्वीला घरी आणलं, त्याची कायदेशीर जबाबदारी घेतली. जेवण, शाळा, किट, प्रवास या सगळ्याची चिंता एका झटक्यात संपली.

बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा बदल होता. आता त्याला फक्त धावा करायच्या होत्या.

३१९ धावा आणि १३ विकेट्स

त्याचा परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. २०१५ मध्ये गाइल्स शील्डच्या एका सामन्यात यशस्वीने नाबाद ३१९ धावा केल्या आणि त्याच सामन्यात लेगस्पिन टाकून ९९ धावांत १३ विकेट्सही घेतल्या. एकाच शालेय सामन्यातल्या या अष्टपैलू कामगिरीची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली.

पण मुंबईत शाळेतल्या त्रिशतकाचं एक दुखणं आहे. ते खूप जण करतात. दर दोन-तीन वर्षांनी पेपरात एखाद्या मुलाचा फोटो येतो, 'नवा सचिन' अशी हेडिंग लागते आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणाला आठवत नाही. शाळेच्या मैदानावर समोरचा बॉलर बारा-तेरा वर्षांचा असतो. खरी परीक्षा वयोगटाच्या सामन्यांत सुरू होते.

यशस्वी मुंबईच्या १६ वर्षांखालील संघात आला, मग १९ वर्षांखालील संघात. तिथून भारताच्या १९ वर्षांखालील संघात. २०१८ चा अंडर-१९ आशिया कप भारताने जिंकला. यशस्वीने स्पर्धेत ३१८ धावा केल्या, श्रीलंकेविरुद्धच्या फायनलमध्ये ८५ केल्या आणि मालिकावीर ठरला.

जानेवारी २०१९ मध्ये छत्तीसगडविरुद्ध त्याने मुंबईकडून रणजी पदार्पण केलं. सतराव्या वर्षी मुंबईची कॅप मिळाली. पण त्या एका सामन्यानंतर तो बराच काळ रणजीत दिसला नाही. मुंबईच्या संघात रांग लांब असते.

आलूरचे २०३

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९. विजय हजारे ट्रॉफी, म्हणजे देशातली ५० षटकांची स्पर्धा. यशस्वीची ही पहिलीच विजय हजारे.

गोव्याविरुद्ध ११३. केरळविरुद्ध १२२. आणि मग १६ ऑक्टोबरला बंगळुरूजवळच्या आलूरमध्ये झारखंडविरुद्ध १५४ चेंडूंत २०३. त्यात १७ चौकार आणि १२ षटकार. समोर शाळकरी बॉलर नव्हते. वरुण ॲरन आणि शाहबाज नदीम होते.

यशस्वीचं वय होतं १७ वर्षं २९२ दिवस. पन्नास षटकांच्या सामन्यात द्विशतक करणारा तो जगातला सगळ्यात लहान खेळाडू ठरला. आधीचा विक्रम दक्षिण आफ्रिकेच्या ॲलन बॅरोचा, तो १९७५ पासून अबाधित होता.

त्या स्पर्धेत यशस्वीने सहा सामन्यांत ५६४ धावा केल्या, सरासरी ११२.८०.

शाळेच्या ३१९ आणि आलूरच्या २०३ मध्ये हा फरक आहे. पहिल्या खेळीने पेपरात नाव आलं. दुसऱ्या खेळीने आयपीएलच्या टेबलवर. डिसेंबर २०१९ च्या लिलावात २० लाख मूळ किंमत असलेल्या यशस्वीला राजस्थान रॉयल्सने २ कोटी ४० लाखांना घेतलं. पाणीपुरीची गोष्ट देशभर पसरली ती खरं तर याच दिवसांत.

सहा सामने, ४०० धावा आणि एक हुकलेला कप

लिलावानंतर महिन्याभरात दक्षिण आफ्रिकेत अंडर-१९ वर्ल्ड कप सुरू झाला. यशस्वीच्या खेळी एका ओळीत वाचा.

५९, नाबाद २९, नाबाद ५७, ६२, नाबाद १०५, ८८.

एकूण ४००. ती २९ ची खेळीसुद्धा अपयश नव्हतं. जपानचा संघ ४१ वर आटोपला होता, त्याहून जास्त धावा करायला वावच नव्हता.

सेमीफायनलला समोर पाकिस्तान. भारताने १७३ चं आव्हान एकही विकेट न गमावता पार केलं आणि यशस्वीने षटकार मारून स्वतःचं शतक आणि मॅच दोन्ही एकाच फटक्यात पूर्ण केलं.

फायनलला बांगलादेशविरुद्ध त्याने ८८ केल्या. तो बाद झाल्यावर डाव कोसळला आणि भारत १७७ वर संपला. बांगलादेशने पहिल्यांदाच कप जिंकला. मालिकावीराचा पुरस्कार यशस्वीला मिळाला, कप नाही.

कोट्यधीश, पण बेंचवर

इथपर्यंत गोष्ट रीलसारखीच सरळ वर चढत जाते. अडतं ते यानंतर.

कोरोनामुळे २०२० ची आयपीएल यूएईत झाली. यशस्वीला तीन सामने मिळाले, धावा झाल्या ४०. अंडर-१९ मध्ये ज्या फटक्यांना फोर मिळायची, ते फटके इथे फिल्डरच्या हातात जात होते.

२०२१ मध्ये दहा सामन्यांत २४९ धावा. त्यातली एक खेळी मात्र लक्षात राहिली. अबूधाबीत चेन्नईने १८९ केल्या होत्या, त्यात आपल्या ऋतुराज गायकवाडचं पहिलं आयपीएल शतक होतं. उत्तराला उतरलेल्या यशस्वीने १९ चेंडूंत अर्धशतक केलं आणि राजस्थानने मॅच सहज काढली. मॅच संपल्यावर त्याने आपल्या बॅटवर धोनीची सही घेतली.

२०२२ साठी राजस्थानने त्याला ४ कोटींना रिटेन केलं. तरीही सीझनच्या सुरुवातीच्या सामन्यांनंतर त्याला संघाबाहेर बसावं लागलं. मे महिन्यात वानखेडेवर पंजाबविरुद्ध परत संधी मिळाली तेव्हा त्याने ६८ केल्या.

या काळात त्याच्यावर काम झालं ते विदर्भातल्या तळेगावला. तिथे राजस्थान रॉयल्सचं सराव केंद्र आहे. मुंबईचे माजी सलामीवीर झुबिन भरुचा राजस्थानसोबत काम करतात. त्यांच्या देखरेखीखाली यशस्वी एकेक फटका शेकडो वेळा खेळायचा. आज कट, उद्या स्वीप, परवा रिव्हर्स स्वीप. त्यात कॅमेऱ्यासमोर दाखवण्यासारखं काही नसतं. हात दुखतात आणि दिवस संपतो.

५४ चेंडू, धावा शून्य

जून २०२२. रणजीची बाद फेरी. मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार. पदार्पणानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने यशस्वीला पुन्हा संधी मिळाली.

क्वार्टर फायनलला उत्तराखंडविरुद्ध दुसऱ्या डावात १०३. मुंबईने ती मॅच ७२५ धावांनी जिंकली, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला धावांच्या फरकाने मिळालेला तो सगळ्यात मोठा विजय.

सेमीफायनलला उत्तर प्रदेशविरुद्ध पहिल्या डावात १००. ज्या राज्यातून तो आला, त्याच राज्याविरुद्ध.

आणि मग दुसरा डाव. एका बाजूला पृथ्वी शॉ नेहमीसारखा धुलाई करत होता. तो ६४ वर बाद झाला तेव्हा यशस्वीच्या नावापुढे धावा होत्या शून्य. पन्नासच्या वर चेंडू खेळून झाले होते, खातं उघडलं नव्हतं.

५४ व्या चेंडूवर पहिली धाव निघाली. पॅव्हेलियनमधून टाळ्या पडल्या, प्रतिस्पर्धी खेळाडूही हसत होते. यशस्वीने अर्धशतक झाल्यासारखी बॅट उंचावली.

त्या डावात त्याने १८१ केल्या.

फायनलला मध्य प्रदेशविरुद्ध ७८ आणि १. मुंबई हरली, मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला. पण निवडकर्त्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं होतं. आयपीएलमधला हा फटकेबाज पोरगा धाव निघत नसली तरी घाबरून विकेट फेकत नाही.

जास्त आयपीएल बघणाऱ्यांना ही खेळी माहीतही नसते. पण कसोटी संघाचं दार वाजवलं ते याच १८१ ने.

कोईमतूरला कॅप्टनने बाहेर काढलं

सप्टेंबर २०२२, दुलीप ट्रॉफी. पश्चिम विभागाचा कॅप्टन अजिंक्य रहाणे. ईशान्य विभागाविरुद्ध यशस्वीने २२८ केल्या, रहाणेनेही द्विशतक केलं.

कोईमतूरला दक्षिण विभागाविरुद्ध फायनल. पहिल्या डावात यशस्वी १ वर आऊट. दुसऱ्या डावात २६५. पश्चिम विभागाने मॅच २९४ धावांनी जिंकली, सामनावीर यशस्वी.

पण ही फायनल आठवते ती वेगळ्या कारणासाठी. शेवटच्या दिवशी फिल्डिंग करताना यशस्वी दक्षिणेच्या रवी तेजाला सतत बोलत होता. अंपायरने समज दिली, रहाणेनेही दिली. तरी गडी थांबेना. शेवटी रहाणेने त्याला मैदानाबाहेर जायला सांगितलं.

मॅच जिंकून देणाऱ्या खेळाडूला स्वतःच्याच कॅप्टनने बाहेर काढलं. संघ काही षटकं दहा फिल्डर्सवर खेळला, कारण त्याच्या जागी दुसरा कुणी आला नाही. प्रतिस्पर्ध्याचा, अंपायरचा आणि खेळाचा मान राखायला हवा, शिस्त पाळायला हवी, हे रहाणेने मॅचनंतर स्पष्टपणे सांगितलं.

वीस वर्षांच्या, नुकत्याच २६५ मारलेल्या पोराला हे ऐकवणारा माणूस मिळणं, हे नशीबच म्हणायचं. आधी ज्वाला सिंग, मग मुझुमदार, भरुचा, रहाणे. यशस्वीच्या गोष्टीत दर टप्प्यावर असं कुणीतरी दिसतं. रीलमध्ये मात्र तो एकटाच असतो.

१३ चेंडू, धावा पन्नास

मार्च २०२३. ग्वाल्हेरमध्ये इराणी कप, शेष भारत विरुद्ध मध्य प्रदेश. यशस्वीच्या धावा २१३ आणि १४४. इराणी कपच्या एकाच सामन्यात द्विशतक आणि शतक करणारा तो पहिलाच.

लगेच आयपीएल सुरू झाली आणि आता सगळं जुळून आलं होतं.

३० एप्रिलला वानखेडेवर आयपीएलच्या इतिहासातला हजारावा सामना. मुंबई इंडियन्सविरुद्ध यशस्वीने ६२ चेंडूंत १२४ केल्या. जिथून काही किलोमीटरवर तो तंबूत राहायचा, तिथलं हे शतक. गंमत म्हणजे मॅच मुंबई इंडियन्सनेच जिंकली.

११ मेला ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध पहिल्याच षटकात त्याने २६ धावा लुटल्या. अर्धशतक झालं १३ चेंडूंत, आयपीएलमधलं तोवरचं सगळ्यात वेगवान. शेवटी नाबाद ९८.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जून २०२२ मध्ये पहिली धाव काढायला ५४ चेंडू. मे २०२३ मध्ये पन्नास धावा करायला १३ चेंडू. मध्ये एक वर्षही गेलेलं नाही. खेळाडू तोच. कधी थांबायचं आणि कधी तुटून पडायचं हे ज्याला कळतं, त्यालाच तिन्ही प्रकारच्या क्रिकेटमध्ये जागा मिळते.

त्या सीझनला १४ सामन्यांत ६२५ धावा झाल्या आणि उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

डॉमिनिका, १७१

जूनमध्ये इंग्लंडला वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल होती. राखीव खेळाडूंत ऋतुराज गायकवाडचं नाव होतं. त्याचं लग्न त्याच दिवसांत होतं, म्हणून त्याच्या जागी यशस्वी गेला. फायनल खेळायला मिळाली नाही, पण संघासोबत राहायला मिळालं.

वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी चेतेश्वर पुजाराला वगळण्यात आलं. शुभमन गिल स्वतःहून तिसऱ्या नंबरवर गेला आणि सलामीची एक जागा रिकामी झाली.

१२ जुलै २०२३ ला डॉमिनिकातल्या रोसोमध्ये यशस्वीला कसोटी कॅप मिळाली. त्याने रोहित शर्मासोबत २२९ धावांची सलामी दिली. स्वतः ३८७ चेंडूंत १७१ केल्या. कसोटी पदार्पणात भारताकडून याहून मोठ्या खेळी दोनच आहेत, शिखर धवनची १८७ आणि रोहितची १७७. भारत एक डाव आणि १४१ धावांनी जिंकला.

१३ चेंडूंत अर्धशतक करणारा पोरगा ३८७ चेंडू उभा राहिला. सेमीफायनलचे ते ५४ चेंडू इथे कामी आले.

पुढे ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ऋतुराजच्या नेतृत्वाखाली खेळताना त्याने नेपाळविरुद्ध टी-ट्वेंटी शतक केलं. भारताने सुवर्णपदक जिंकलं.

दक्षिण आफ्रिका दौरा मात्र वाईट गेला. चार डावांत १७, ५, ० आणि २८. पदार्पणाची हवा उतरायला एवढं पुरे होतं.

७१२

आणि मग जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. आक्रमक 'बॅझबॉल'ची तेव्हा जगभर चर्चा होती.

हैदराबादला ८०, पण भारत हरला. विशाखापट्टणमला विराट नव्हता, राहुल आणि जडेजा जखमी होते. यशस्वीने २०९ केल्या. त्या डावात भारताच्या दुसऱ्या कुठल्याही फलंदाजाला ३४ च्या पुढे जाता आलं नाही.

राजकोटला दुसऱ्या डावात १०४ वर असताना पाठ आखडली, मैदान सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी परत आला आणि नाबाद २१४ केल्या. त्यात १२ षटकार, एका कसोटी डावात सर्वाधिक षटकारांच्या वसीम अक्रमच्या विक्रमाशी बरोबरी. त्यातले तीन षटकार ओळीने मारले होते जेम्स अँडरसनला.

रांचीला ७३ आणि ३७, धर्मशालाला ५७. मालिकेत एकूण ७१२ धावा आणि २६ षटकार. भारताने मालिका ४-१ ने जिंकली, मालिकावीर यशस्वी. एका कसोटी मालिकेत ७०० च्या वर धावा करणारा त्याच्याआधीचा भारतीय एकच, सुनील गावसकर.

एका नजरेत

२००१ : भदोही जिल्ह्यातल्या सुरियावांमध्ये जन्म
२०१३ : ज्वाला सिंग यांच्याकडे प्रशिक्षण सुरू
२०१५ : गाइल्स शील्डमध्ये नाबाद ३१९ आणि १३ विकेट्स
२०१८ : अंडर-१९ आशिया कपचा मालिकावीर
जानेवारी २०१९ : मुंबईकडून रणजी पदार्पण
ऑक्टोबर २०१९ : झारखंडविरुद्ध २०३
२०२० : अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये ४०० धावा, आयपीएल पदार्पण
जून २०२२ : रणजीच्या बाद फेरीत तीन शतकं
सप्टेंबर २०२२ : दुलीप ट्रॉफी फायनलमध्ये २६५
मार्च २०२३ : इराणी कपमध्ये २१३ आणि १४४
जुलै २०२३ : कसोटी पदार्पणात १७१
फेब्रुवारी-मार्च २०२४ : इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ७१२ धावा पूर्ण

आता पुढे काय?

विशाखापट्टणमला द्विशतक केलं तेव्हा यशस्वी २२ वर्षं ३७ दिवसांचा होता. त्याच्यापेक्षा लहान वयात कसोटी द्विशतक करणारे भारतीय दोघेच होते. विनोद कांबळी आणि सुनील गावसकर. तिघेही मुंबईचे.

ही यादी मुंबईकरांना अभिमानाची वाटते, पण तिच्यात एक इशाराही आहे.

गावसकर १२५ कसोटी खेळले. कांबळीने पहिल्या सात कसोटींत चार शतकं केली, त्यात दोन द्विशतकं. सगळ्यात कमी डावांत एक हजार कसोटी धावा करणारा भारतीय आजही कांबळीच आहे, १४ डाव. यशस्वीला १६ लागले. आणि तरीही कांबळीची शेवटची कसोटी झाली ती १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एकूण कसोटी फक्त १७. पृथ्वी शॉने अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक ठोकलं, डिसेंबर २०२० पर्यंत पाच कसोटी झाल्या आणि मग तो संघाबाहेर गेला.

म्हणजे चांगली सुरुवात मुंबईने पुष्कळ पाहिली आहे. सुरुवात किती मोठी होती यावरून शेवट ठरत नाही.

यशस्वीच्या बाबतीत आशा वाटते ती ७१२ मुळे नाही. ती वाटते अपयशानंतर त्याने काय केलं त्यावरून. ४० धावांच्या आयपीएलनंतर तो तळेगावला गेला. १ वर आऊट झाल्यावर २६५ केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला पहिल्या डावात शून्यावर बाद झाला आणि दुसऱ्या डावात १६१ करून आला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे परवानगी मागितली, तेव्हा मुंबईतल्या चाहत्यांना धक्का बसला होता. महिन्याभरात त्याने तो अर्ज मागे घेतला. ज्या मैदानांनी त्याला उभं केलं, त्यांच्याशी असलेलं नातं तूर्तास तरी टिकून आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ती रील समोर आली, की जरूर बघा. फक्त तंबूनंतरच्या दोन सेकंदांत काय काय गाळलंय, ते आठवा. एका कोचचं घर, तळेगावच्या नेट्स, कॅप्टनने दाखवलेला बाहेरचा रस्ता.

आणि शून्यावर खेळलेले ते ५४ चेंडू.